खासगी आयटीआयची तपासणी कशाची व्हावी: इमारतीची, यंत्रांची की मुलांच्या पुढच्या वाटचालीची?

निवृत्त मुख्याध्यापक, सातारा जिल्हा

नमस्कार. दहावीचा निकाल लागला की आमच्या पंचक्रोशीतील पालक मुलांना घेऊन माझ्या ओसरीवर येतात आणि "सर, याला कुठं घालू?" असे विचारतात. शासकीय आयटीआयमध्ये नंबर लागला नाही, तर उरतो तो खासगी आयटीआय किंवा एखादे कौशल्य केंद्र. दोन वर्षांपूर्वी अशाच एका मुलाला मी वीजतंत्री व्यवसायासाठी जवळच्या एका खासगी संस्थेत पाठवले. दारावर "शंभर टक्के नोकरीची हमी" असा फलक होता आणि संस्थेला संलग्नता, म्हणजे सरकारी मान्यता, होती, त्यामुळे मी निर्धास्त होतो. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत तो घरी आला, तेव्हा मी सहज विचारले की मेगर लावून मोटारीचे इन्सुलेशन कसे तपासतात, तर तो म्हणाला, "सर, मेगर आहे, पण तो कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली संस्थाचालकांकडे असते."

त्या उत्तराने मी अस्वस्थ झालो, कारण शिफारस माझी होती. तेव्हापासून समजून घेण्याचा प्रयत्न करतो आहे. मला कळले ते असे की संलग्नता दिल्लीतील प्रशिक्षण महासंचालनालयाकडून मिळते, प्रवेशाची केंद्रीभूत प्रक्रिया आणि स्थानिक तपासणी राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे आणि त्याच्या सहा प्रादेशिक कार्यालयांकडे असते, आणि अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेचे प्रमाणपत्र पुन्हा केंद्राच्या नावाने येते. एवढे सगळे असताना, दोन वर्षांत मुलाच्या हाताला काय आले, हे पाहण्याची जबाबदारी नेमकी कोणाची? आणि ही देखरेख आजच्या काळाला साजेशी करायची झाल्यास राज्याने काय बदलावे? या क्षेत्रातील जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

कातारी (माजी शिल्प निदेशक)

सर, कपाटाच्या किल्लीचे वाचून हसू आले आणि लगेच वाईटही वाटले, कारण असे कपाट मी स्वतः सांभाळले आहे. मी सात वर्षे एका खासगी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत कातारी (टर्नर) व्यवसायाचा निदेशक होतो. संस्थेचे नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका संस्थेचा नाही.

नव्या तुकडीची तपासणी ठरली की आदल्या रात्री टेम्पो यायचा. एका वर्षी त्याच संस्थेच्या दुसऱ्या शाखेतून दोन लेथ आणले गेले आणि पहाटेपर्यंत ते कार्यशाळेत रांगेने उभे राहिले. पायाचे बोल्ट सिमेंटमध्ये बसवायला वेळ नव्हता, म्हणून बुडाशी लाकडी ठोकळे सरकवून वरून राखाडी रंग मारला. तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांनी टेपने कार्यशाळेची लांबी-रुंदी मोजली, यंत्रांवरील पट्ट्यांचे क्रमांक यादीशी ताडून पाहिले, मंजूर वीजभाराचे पत्र पाहिले, निदेशकांची प्रमाणपत्रे पाहिली आणि चहा घेऊन ते गेले. एखाद्याने लेथ सुरू करा म्हटले असते, तर त्याला पट्टाच नाही हे लगेच उघडे पडले असते. पण तसे कोणी म्हटले नाही. त्या अधिकाऱ्यांना मी लबाड म्हणणार नाही, कारण त्यांच्या हातातील नमुन्यात "यंत्र आहे काय" असा रकाना होता आणि यंत्र तर समोर होते. "यंत्र चालते काय, गेल्या महिन्यात किती तास चालले" असा रकानाच त्या नमुन्यात नव्हता.

आपल्या देखरेखीची मूळ अडचण मला इथे दिसते. ती संस्था सुरू होण्यापूर्वी फार कडक असते आणि सुरू झाल्यानंतर जवळजवळ नसते. त्यातही मधल्या काळात तो कडकपणासुद्धा पातळ झाला. २००७ साली देशात सुमारे १,९०० शासकीय आणि सुमारे २,००० खासगी आयटीआय होते आणि पुढील दहा वर्षांत ९,००० हून अधिक नव्या खासगी संस्थांना मान्यता मिळाली. सरासरी काढली तर रविवार, सुट्ट्या धरूनसुद्धा दिवसाला दोनपेक्षा अधिक संस्था होतात. यातील काही वर्षे मूल्यांकनाचे काम भारतीय गुणवत्ता परिषदेकडे सोपवलेले होते, आणि २०१८ मध्ये किरीट सोमय्या यांच्या अध्यक्षतेखालील श्रमविषयक संसदीय स्थायी समितीने या वाढीवर आणि तिच्या दर्जावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. पुढे संस्थांना तारे देऊन प्रतवारी झाली, परंतु तिची सुरुवात संस्थेने स्वतः भरलेल्या माहितीपासून होत असे. आपलाच पेपर आपणच तपासायचा असला की काय होते, हे सरांना मी सांगायला नको.

माझी सूचना साधी आहे. संधाता (वेल्डर) व्यवसायाच्या वीस मुलांनी वर्षभर वेल्डिंग केले की नाही, हे पाहण्यासाठी फार मोठ्या यंत्रणेची गरज नाही. इलेक्ट्रोडच्या खरेदीची बिले आणि कार्यशाळेच्या वीज मीटरचे बारा महिन्यांचे आकडे शेजारी ठेवा, पाच मिनिटांत उत्तर मिळते. बिले बनावट करता येतात हे मला माहीत आहे, पण मीटर बनावट करणे अवघड असते, आणि मे महिन्याचे युनिट व ऑक्टोबरचे युनिट सारखेच असतील तर त्या कार्यशाळेत बहुधा फक्त पंखा आणि ट्यूबलाइट चालते. जोडारी (फिटर) व्यवसायात हॅकसॉ ब्लेड आणि कच्च्या लोखंडाचा वापर पाहावा. सध्याच्या अभ्यासक्रमात वर्षाला १,२०० तास धरलेले आहेत. त्यांतील प्रात्यक्षिकाचे तास खरे असतील, तर त्यांचा माल खर्ची पडलेला दिसलाच पाहिजे.

आणि एक गोष्ट. पोर्टल उघडले म्हणजे आधुनिकीकरण झाले, असे समजण्याची चूक आपण करू नये. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेवरील महालेखापरीक्षकांचा जो अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडला गेला, त्यात बहुसंख्य प्रशिक्षणार्थींच्या बँक खात्याच्या रकान्यात काहीच नाही किंवा शून्य आढळले, आणि काहींच्या रकान्यात तर ओळीने अकरा वेळा १ असा आकडा भरलेला होता. पोर्टलने तोही मुकाट्याने स्वीकारला होता.

तालुक्याचा संस्थाचालक

कातारी यांनी लिहिलेले मी नाकारत नाही. हजेरीशिवाय मुलांना परीक्षेला बसवणाऱ्या संस्था आमच्या आसपास आहेत आणि त्या बंद व्हाव्यात असे सर्वांत आधी मलाच वाटते, कारण "वर्षभर यायची गरज नाही" या एका वाक्यावर त्या माझे विद्यार्थी पळवतात. तरीही दुसरी बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही.

अलीकडे सर्वत्र एकच सूर आहे की संस्थेचे मूल्यमापन मुलांना मिळालेल्या नोकऱ्यांवरून करावे. ऐकायला हे रास्त वाटते, पण नोकरी मोजणार कशी? भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीवरून म्हणाल, तर तो कायदा साधारणपणे वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो. आमच्या तालुक्यात वीस कामगारांचे वर्कशॉप दुर्बीण घेऊन शोधावे लागते. माझ्याकडून संधाता होऊन बाहेर पडलेला एक मुलगा आज स्वतःचे ग्रील आणि गेटचे दुकान चालवतो आणि हाताखाली दोन जणांना कामाला ठेवतो, तर शिवणकामाच्या मुली घरी बसून लग्नसराईत महिन्याला बरे पैसे कमावतात. यांपैकी एकाचीही नोंद कोणत्याही सरकारी दफ्तरात सापडणार नाही आणि तुमच्या मोजपट्टीवर माझी संस्था शून्य ठरेल. शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) करणारा मुलगासुद्धा त्या वर्षात भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत दिसत नाही, कारण शिकाऊ उमेदवार कायद्याने कर्मचारी धरला जात नाही.

दुसरा धोका याहून मोठा आहे. नोकरीच्या टक्केवारीवर संलग्नता टिकणार असेल, तर संस्थाचालक दारातच निवड सुरू करतील. दहावीला पस्तीस टक्के मिळवून कसाबसा पुढे आलेला मुलगा, ज्याला इंचपट्टीवरची एक अष्टमांश रेष वाचता येत नाही, त्याला कोण घेईल? शहराजवळच्या संस्थेला दहावीला सत्तर टक्के मिळवलेली मुले आणि दारातली एमआयडीसी आयती मिळते. आम्हाला दोन्ही नाही. मुलगा कुठून निघाला हे न पाहता तो कुठे पोहोचला एवढेच मोजणे हा न्याय नव्हे. आणि शासनाकडून शुल्क प्रतिपूर्तीची रक्कम जेव्हा उशिरा येते, तेव्हा निदेशकांचे पगार आम्ही कोणत्या खिशातून देतो, हेही एकदा कोणीतरी तपासावे.

सॅन होजेहून

मी कॅलिफोर्नियात राहते आणि येथे मी एका खासगी करिअर स्कूलमध्ये वैद्यकीय सहायकाचा अभ्यासक्रम केला आहे, म्हणून या राज्याचा अनुभव लिहिते. तो जसाच्या तसा महाराष्ट्राला लागू पडेल असे माझे म्हणणे नाही.

प्रवेशाच्या करारावर सही करण्यापूर्वी मला एक तक्ता दिला गेला. त्यात त्या अभ्यासक्रमाला किती जणांनी प्रवेश घेतला, किती जणांनी तो वेळेत पूर्ण केला, त्यांपैकी किती जणांना त्याच क्षेत्रात काम मिळाले आणि पगार काय होते, हे छापलेले होते, आणि ते वाचल्याची खूण म्हणून मला त्यावर आद्याक्षरे करावी लागली. राज्याच्या कायद्याने हा तक्ता अशा खासगी शाळांना बंधनकारक आहे. शिवाय पहिल्या तासापर्यंत किंवा प्रवेशानंतरच्या सातव्या दिवसापर्यंत, यांपैकी जे नंतर येईल तोवर, प्रवेश रद्द करून पैसे परत मागता येतात, आणि साठ टक्के अभ्यासक्रम होण्यापूर्वी सोडल्यास उरलेल्या भागाचे शुल्क हिशोबाने परत मिळते. शाळा अचानक बंद पडली तर विद्यार्थ्यांचे नुकसान भरून देण्यासाठी राज्याचा स्वतंत्र निधीही आहे.

हे नियम सहजासहजी आलेले नाहीत. २००७ च्या मध्यात जुन्या कायद्याची मुदत संपली, तो वेळेत वाढवला गेला नाही आणि देखरेख करणारे कार्यालयच बंद झाले. २००९ च्या कायद्याने नवे कार्यालय उभे राहून २०१० मध्ये कामाला लागेपर्यंत खासगी शाळांवर राज्याचा अंकुश जवळजवळ नव्हता. मग कोरिंथियन कॉलेजेस या कंपनीचे प्रकरण आले. राज्याच्या तत्कालीन महाधिवक्ता कमला हॅरिस यांनी २०१३ मध्ये तिच्यावर दावा लावला आणि एप्रिल २०१५ मध्ये कंपनीने उरलेल्या सर्व शाखा एका दिवसात बंद केल्या, तेव्हा सुमारे १६,००० विद्यार्थी वाऱ्यावर सुटले. त्याच महिन्यात केंद्रीय शिक्षण खात्याने तिच्या हील्ड कॉलेजवर जवळपास तीन कोटी डॉलरचा दंड बसवला, कारण नोकऱ्यांच्या टक्केवारीची ९४७ विधाने चुकीची आढळली होती. त्यातले एक उदाहरण माझ्या कायम लक्षात राहिले आहे. लेखापालाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली एक व्यक्ती टाको बेल या फास्ट फूडच्या दुकानात खाद्यपदार्थ देण्याचे काम करत होती आणि ती "आपल्या क्षेत्रात नोकरी मिळाली" या रकान्यात मोजली गेली होती.

म्हणून संस्थाचालकांच्या म्हणण्यात मला अर्धे तथ्य दिसते. नोकरीची टक्केवारी स्वतः संस्थेनेच भरायची असेल, तर ती फुगणारच. पण म्हणून मोजणेच सोडून द्यावे असे नाही. मोजणारा बाहेरचा असावा, एवढाच त्याचा अर्थ. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत झालेल्या कायद्याने आठ ते पंधरा आठवड्यांच्या छोट्या अभ्यासक्रमांनाही १ जुलै २०२६ पासून केंद्रीय अनुदानाची दारे उघडी केली, मात्र त्यासाठी राज्यपालांची मान्यता, किमान ७० टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रम पूर्ण करणे आणि किमान ७० टक्क्यांना काम मिळणे अशा अटी घातल्या. शुल्क हे शिक्षणामुळे वाढलेल्या कमाईपेक्षा जास्त असू नये, हीही अट आहे. ही शेवटची अट मला फार शहाणपणाची वाटते, कारण तिच्यात स्वस्त आणि साध्या अभ्यासक्रमाला शिक्षा होत नाही. शिक्षा होते ती महाग आणि निरुपयोगी अभ्यासक्रमाला.

भोसरीचा लघुउद्योजक

थोडक्यात लिहितो. माझ्याकडे चाळीस कामगार आहेत, त्यामुळे शिकाऊ उमेदवार घेणे मला कायद्याने बंधनकारक आहे (तीस किंवा अधिक मनुष्यबळ असल्यास अडीच ते पंधरा टक्के). मी दर वर्षी चार मुले घेतो. प्रमाणपत्र मी पाहतच नाही. मुलाच्या हातात व्हर्नियर (बारीक माप घेण्याचे साधन) देतो आणि एका शाफ्टचा व्यास ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचून दाखवायला सांगतो. दहा मिनिटांत कळते. कोणत्या संस्थेची मुले वाचू शकतात आणि कोणत्या संस्थेची मुले व्हर्नियर उलटा धरतात, हे आमच्या पट्ट्यातील कोणताही कारखानदार तोंडपाठ सांगेल.

पण इतक्या वर्षांत एकाही कार्यालयाने मला हे विचारलेले नाही. शिकाऊ उमेदवारांची नोंद आम्ही पोर्टलवर करतोच. तिथेच "हा मुलगा कोणत्या संस्थेतून आला, आल्यावर त्याला काय येत होते, मध्येच सोडून गेला असल्यास का गेला" असे तीन प्रश्न आम्हाला विचारले, तर मी दोन मिनिटांत उत्तर देईन. संस्थेला तो रकाना भरता येणार नाही आणि मला तो फुगवण्याचे कारण नाही. ग्रीलवाल्या मुलाची नोंद यातही येणार नाही, हे संस्थाचालकांचे म्हणणे मात्र मान्य.

जिल्हा न्यायालयातील वकील

कायद्याच्या अंगाने दोन गोष्टी सांगतो.

पहिली म्हणजे जाहिरात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी कोचिंग संस्थांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यांत निवडीची किंवा नोकरीची खोटी हमी देण्यास मनाई केली. परंतु ती कोचिंगपुरती आहेत, आणि शैक्षणिक संस्था ग्राहक कायद्याच्या कक्षेत येतात की नाही याबद्दल न्यायालयांत आणि आयोगांत एकमत नाही. म्हणून मुख्याध्यापकांनी पाहिलेल्या "शंभर टक्के" फलकाविरुद्ध केवळ ग्राहक आयोगावर विसंबून राहण्याचा सल्ला मी देणार नाही. राज्याने संलग्नता आणि प्रवेशाच्या अटींतच असा फलक लावण्यास मनाई करावी आणि शुल्क परतीचा नियम लिहून ठेवावा, हे अधिक सरळ आहे. सॅन होजेच्या ताईंनी सांगितलेला सात दिवसांचा नियम आपल्याकडे आणायला फारसा खर्च येणार नाही.

दुसरी गोष्ट आजच करता येण्यासारखी आहे. खासगी संस्थेला माहिती अधिकार लागू नाही असे सांगून पालकांना परत पाठवले जाते. मात्र २००५ च्या कायद्यातील "माहिती" या शब्दाच्या व्याख्येत, सार्वजनिक प्राधिकरणाला अन्य कायद्यान्वये एखाद्या खासगी संस्थेकडून जी माहिती मिळवता येते, तीही समाविष्ट आहे. म्हणजे अर्ज संस्थेकडे न करता संचालनालयाच्या प्रादेशिक कार्यालयातील जनमाहिती अधिकाऱ्याकडे करावा. तपासणी अहवाल तर त्या कार्यालयाचीच कागदपत्रे आहेत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, अर्ज एकाच विषयाचा ठेवावा आणि तो दीडशे शब्दांत बसवावा, कारण महाराष्ट्राच्या नियमांत ती मर्यादा आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे पहिले अपील करता येते. असे अहवाल लोक मागू लागले, तर एक दिवस ते प्रवेशाच्या संकेतस्थळावर संस्थेच्या नावापुढे आपोआप दिसू लागतील, अशी माझी आशा आहे. पर्याय भरण्यापूर्वी पालकाला ते वाचता आले, तर मुख्याध्यापकांच्या शिफारशीवर एवढा भार पडणार नाही.

निवृत्त मुख्याध्यापक, सातारा जिल्हा

सर्वांचे आभार. संस्थाचालकांचे म्हणणे वाचून माझे मत थोडे बदलले आहे. नोकरीच्या टक्केवारीवरून संस्था बंद करण्याच्या बाजूने मी आता नाही. मात्र प्रवेश किती, परीक्षेला बसले किती, उत्तीर्ण किती आणि शिकाऊ उमेदवारी किती जणांना मिळाली, हे चार आकडे पालकांसमोर यावेत आणि भोसरीच्या उद्योजकांनी सांगितलेला रकाना पोर्टलवर यावा, यात कोणत्याही प्रामाणिक संस्थेचे नुकसान आहे असे मला वाटत नाही.

वकील साहेबांच्या सांगण्याप्रमाणे काल रात्री अर्जाचा मसुदा तयार केला. त्यात मागील दोन तपासणी अहवाल, वीजतंत्री व्यवसायाच्या निदेशकांची नावे व अर्हता आणि तीन वर्षांचे वरील चार आकडे मागितले आहेत. मोजले, तर एकशे अडतीस शब्द झाले. उरलेल्या बारा शब्दांत मेगरचे विचारायचे आहे, पण कोणत्या नोंदवहीचे नाव घालावे हे कळत नाही. कातारी, आपण सांगू शकाल का?

कातारी (माजी शिल्प निदेशक)

सर, जडवस्तू संग्रह नोंदवही मागू नका. तिच्यात मेगर आहे एवढेच दिसेल आणि ते तर आपल्याला माहीतच आहे. मुलांना हत्यारे व उपकरणे दिल्याची जी वाटप नोंदवही असते, तिच्या मागील सहा महिन्यांच्या पानांच्या प्रती मागा. तपासणीत ती पाहिली गेली असेल, तर कार्यालयाकडे प्रत असेल. पाहिलीच नसेल, तर तेही त्यांना लेखी कळवावे लागेल.